दहा आंब्यांची डाळिंबं

गणिताच्या पुस्तकातला दुकानदार हा माझ्या माहितीतला शेवटचा सज्जन माणूस. 3 वह्या 75 रुपयांना, तर 8 वह्या कितीला? तो 200 सांगतो आणि गप्प बसतो. सुटे नाहीत म्हणून हातावर गोळी टेकवत नाही.

बंगळूरजवळच्या देवनहळ्ळीत मुलाकडे राहायला आल्यापासून भाजी आणणं आणि नातीचा अभ्यास, दोन्ही खाती माझ्याकडे आहेत. त्यामुळे सकाळी मी त्रैराशिक मोडताना बघतो आणि संध्याकाळी तेच शिकवतो. इथलं पपनस, म्हणजे चक्कोता, नावाजलेलं. त्याला भौगोलिक मानांकनही आहे. ढीग मांडून बसलेली बाई एकाचे 60 सांगते, दोनाचे 100, आणि तिसऱ्याला हात लावला की "तगोळ्ळी सार" म्हणत तिन्ही 130 ला पिशवीत कोंबते. नात बरोबर होती. तिनं एकमान पद्धतीनं हिशेब करून "आबा, तिनाचे 180 होतात, आपण 50 कमी देतोय" असं खणखणीत आवाजात सुनावलं. नशीब, मराठीत.

शिवाय पुस्तकातली फळं सगळी सारखी. इथं एक पपनस सोललं की बोटभर जाड पांढरा कापूस, आणि आत संत्र्याएवढा ऐवज! त्याचं गुणोत्तर कुठल्या पाठात आहे?

फळं सारखी धरायची ही खोड जुनीच आहे. भास्कराचार्यांनी 1150 च्या 'लीलावती'त विचारलंय : एका द्रम्माला 300 आंबे, एका पणाला 30 डाळिंबं, तर 10 आंब्यांच्या बदल्यात डाळिंबं किती? द्रम्म 16 पणांचा. पणांच्या जागी आणे घातले की 1957 पूर्वी शाळेत गेलेल्या आम्हाला घरचंच वाटतं. उत्तर 16. आंबे कुठले, हे आचार्यही सांगत नाहीत. द्रम्माला तीनशे म्हणजे रायवळच असावेत. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेवानं चाळीसगावजवळ पाटण्याला मठ काढला, तिथं 1207 चा शिलालेख आहे. आजोबाचा अभ्यास नातवानं पुढं नेला. आमच्याकडे उलटं चाललंय.

तरी घासाघीस पुस्तकात आणू नये, असंच माझं मत. ती न शिकवता येते, भागाकार येत नाही. फक्त एक उदाहरण घालाच : 250 रुपयांना 5 पपनसं घेतली, एक नासकं निघालं, तर खाण्याजोगं एक कितीला पडलं? साडेबासष्ट रुपयांना. नात हे तोंडी करते.