मागे ऐकू येतंय का?

पिंपळगाव बसवंतात टोमॅटोचा भाव निदान विचारावा तरी लागतो. नानांचं मत न विचारता मिळतं. नाना म्हणजे आमचे साउंडवाले. मंडप दुसऱ्याचा, आचारी तिसऱ्याचा, आवाज नानांचा. लग्न, साखरपुडा, हरिनाम सप्ताह, प्रचारसभा, दशक्रियेचं प्रवचन आणि त्यानंतरची पुढाऱ्यांची श्रद्धांजली. जिथे चार माणसं जमली आणि पाचव्याला बोलायचंय, तिथे नाना वायरचं भेंडोळं घेऊन हजर.

मत देण्याची खोड त्यांना धंद्यातूनच लागली असावी. जो माणूस उभ्या हयातीत माइकवर टिचक्या मारत ‘हॅलो, हॅलो, मागे ऐकू येतंय का?’ विचारत आला, त्याला जगातली प्रत्येक वस्तू अजून टेस्टिंगलाच आहे असं वाटू लागतं. टोलनाक्यावरची कोणती रांग उगाच तुंबते, बँकेतलं टोकनचं यंत्र कुठल्या भिंतीला हवं होतं, बुवांनी कीर्तनात उत्तररंग कुठे लांबवला, सगळ्याचा निकाल जागेवर. पंगतीत वाढप्याला ते मठ्ठ्याबद्दल बोलतात तेव्हा ती तक्रार नसते, तांत्रिक सूचना असते. “आल्याचा ट्रेबल जास्त झालाय, जरा बेस वाढव,” असं ऐकून वाढपी बिचारा बादली घेऊन पुढच्या पानावर सरकतो.

अशा माणसाच्या कंपनीने वेबसाइट बदलली.

कंपनीचं नाव इथे नको. नानाही घेत नाहीत. माहेरवाशीण जशी नुसतं ‘घरी’ म्हणते, तसं ते नुसतं ‘कंपनी’ म्हणतात. तिचे भोंगे, तिचे ॲम्प्ली, तिचे माइक. कंपनीत नानांना कोणी ओळखत नाही, ही गोष्ट त्यांनी कधी मनावर घेतलेली नाही.

जुनी साइट दिसायला भयंकर होती. पिवळ्यावर लाल अक्षरं, माथ्यावर सरकणारी पट्टी, तळाशी आपण कितवे पाहुणे त्याचा आकडा. पण उघडली की दरपत्रक, दरपत्रकाखाली सुटे भाग, सुट्या भागांखाली जोडणीची आकृती आणि सगळ्यात वर ठळक फोन नंबर. तेवढ्यावर नानांचे कित्येक हंगाम निघाले.

नवी साइट त्यांनी पहिल्यांदा पाहिली ती ऐन वैशाखात, शिडीच्या चौथ्या पायरीवरून. हळदीचा मंडप होता, कडुनिंबाला बांधलेला भोंगा मध्येच बसला. नानांनी तो खाली घेतला, मागचं युनिट फिरवून सोडवलं, झाकणाचे स्क्रू काढून तोंडात धरले आणि आतला डायफ्राम नाकाशी नेला. नानांचं निदान वासावर चालतं. कॉईल जळली की करपलेल्या वार्निशचा एक कडवट वास येतो. तो आला नाही तर तार तुटलेली असते. वास आला. आता नवा डायफ्राम कोणत्या नंबरचा, आठ ओहमचा की सोळाचा, ते बघायला पुतण्याने मोबाइल काढला.

“नाना, साइट नवी झाली.”

“हूं,” नाना म्हणाले. तोंडात स्क्रू होते म्हणून एवढ्यावर भागलं.

पडद्यावर काळोख पसरला. काळोखातून एक मुलगी आली, तिने डोळे मिटले, केस उडाले. मग राखाडी रंगाची बारीक अक्षरं उमटली, ती त्या उन्हात कोणाला दिसेनात. पुतण्याने डोक्यावर गमछा घेऊन, आत तोंड खुपसून वाचलं, “ध्वनीचा नवा अनुभव.”

“डायफ्राम बघ.”

“चाक फिरू राहिलं नाना.”

चाक फिरत राहिलं. मंडपात करवल्या खोळंबल्या, नवऱ्या मुलाचे मामा दोनदा येऊन गेले. शेवटी नानांनी अंदाजाने सोळाचा डायफ्राम बसवला, तो बरोबर निघाला. पण त्या दिवशी त्यांच्या मनात अभिप्राय पडला, आणि नानांच्या मनात अभिप्राय पडला की त्याचं पीक यायला फार दिवस लागत नाहीत.

संध्याकाळी ते माझ्याकडे आले. “मास्तर, कागद घ्या. कंपनीला लिहायचंय. ती स्वतःच विचारू राहिली, आमची नवी साइट कशी वाटली म्हणून.”

मी म्हटलं, तिथे पाच तारे असतात, त्यातले दाबायचे. नानांना ते पटलं नाही. “तारे देऊन काय कळणार? हॉटेल आहे का? मार्क द्या. शंभरपैकी पस्तीस, आणि ते पण दिसायला बरी म्हणून.”

मग त्यांनी मुद्दे सांगायला सुरुवात केली, आणि मी कबूल केलं पाहिजे की लाखो रुपये घेऊन साइट तपासणाऱ्या एखाद्या तज्ज्ञाला हे सुचलं नसतं. साइटवर ‘आवाज ऐकून पहा’ असं एक बटण होतं. नानांनी ते दाबलं होतं. “आता मला सांगा, दीडशे वॉटच्या बॉक्सचा आवाज मी या मोबाइलच्या भोकातून ऐकायचा? सगळे बॉक्स सारखेच वाजू राहिले. वाजणारच. वाजतोय मोबाइल!”

दुसरा मुद्दा ‘आपले कार्यक्षेत्र निवडा’ या यादीचा. तीत विमानतळ होतं, हॉटेल होतं, सभागृह होतं, व्यायामशाळासुद्धा होती. “दहावा कुठंय? सप्ताह कुठंय? कांद्याचा लिलाव कुठंय? विमानतळं देशात किती आणि दहावे किती, हिशोब करा म्हणावं.” मी ‘इतर’ असा पर्याय दाखवला. नाना दुखावले. वर्षानुवर्षं कंपनीचा माल खपवल्यावर त्यांना ‘इतर’मध्ये बसायला सांगणं हे मलाही जरा जास्तच वाटलं.

जवळचा विक्रेता शोधण्याची सोय होती. तीत ‘पिंपळगाव’ टाकल्यावर नकाशा थेट जळगाव जिल्ह्यात जाऊन पिंपळगाव हरेश्वरला टेकला. महाराष्ट्रात पिंपळगावं किती, हे एखाद्या परप्रांतीय संगणकाला ठाऊक नसेल हे मी समजू शकतो. नाना समजू शकत नव्हते. मुंबई-आग्रा रस्त्यावरचं गाव, द्राक्षं आणि टोमॅटोचा एवढा बाजार, आणि सापडत नाही?

खरा घाव मात्र लाइन ट्रान्सफॉर्मरच्या तक्त्याचा होता. सप्ताहात भोंगे देवळापासून पार वेशीपर्यंत जातात. एवढ्या लांब वायरीवर साधा आठ ओहमचा भोंगा जोडला तर ताकद वायरीतच जिरते आणि वेशीवर बुवा कुजबुजतात. म्हणून ॲम्प्लीतून शंभर व्होल्टची लाइन काढायची आणि प्रत्येक भोंग्यापाशी ट्रान्सफॉर्मर लावून ज्याला हवे तेवढे वॉट द्यायचे. सगळ्या भोंग्यांच्या वॉटची बेरीज ॲम्प्लीच्या आत राहिली पाहिजे, नाहीतर ॲम्प्ली बसतो. कोणत्या टोकाला किती वॉट, तो तक्ता जुन्या साइटवर होता. नव्या साइटवर त्या जागी सूर्यास्त आहे.

“आणि फोन नंबर?” नाना उठून उभे राहिले. नंबर तळाशी गेला होता, तोही एका बाणाच्या पोटात लपून. इथे नाना हटकून शिकागो रेडिओवर येतात. त्यांच्या दुकानात देवाच्या तसबिरीशेजारी नेहरूंचा भाषण करतानाचा फोटो आहे आणि पुढ्यातल्या माइकवर ‘शिकागो रेडिओ’ अशी पाटी. गिऱ्हाइकाला वाटतं माल अमेरिकेचा. नाना त्याला बसवून घेतात. कंपनी मोटवान्यांची, मूळ सिंधमधल्या सक्करची, कराचीहून १९१९मध्ये मुंबईला आलेली. नानिक मोटवाने काँग्रेसच्या सभांना भोंगे लावायचे, आणि १९४२च्या उषा मेहतांच्या गुप्त काँग्रेस रेडिओच्या खटल्यात तेही अडकले होते. “आणि कारखाना कुठं? आपल्या नाशिकरोडला!” हे ते अशा थाटात सांगतात की नेहरूंचा माइक त्यांनीच उंचीला लावून दिला असावा. “नाव कुठं लावलं बघा. जिथं सगळ्यांचे डोळे, तिथं. त्याला म्हणायचं अक्कल.”

तीन कागद भरले. ‘स. न. वि. वि.’पासून ‘कळावे, लोभ असावा’पर्यंत. साइटवरच्या चौकटीत पाचशे अक्षरं मावत होती. नानांचा मायनाच निम्मी जागा खाऊन बसला. पुतण्याने मग कागदांचे फोटो काढून पाठवले.

आता एक गोष्ट सांगितल्याशिवाय हे चित्र पुरं होणार नाही. साऱ्या जगाला अभिप्राय देणाऱ्या नानांना जग आयुष्यभर एकच अभिप्राय देत आलं आहे: “नाना, आवाज कमी करा.” तो त्यांच्यापर्यंत आजवर पोचलेला नाही. शेजारी सांगतात, परीक्षेची पोरं सांगतात, रात्री दहाला हवालदार येऊन सांगतो. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद; सरकारने ठरवलेल्या, वर्षातल्या जास्तीत जास्त पंधरा दिवशी बारापर्यंत सूट. वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. हे आकडे नानांना तोंडपाठ आहेत, पण ते त्यांना नियम न वाटता कोणीतरी केलेली चेष्टा वाटते. “पंचावन्न म्हणजे दोन बायका ओट्यावर बोलल्या तरी होतं. मग त्यांना पण परवानगी काढायला लावा.” तुम्ही मंडपात अगदी कानाशी जाऊन ओरडलात तरी नाना मान डोलावतात आणि म्हणतात, “हो ना, मागे ऐकू येत नाही, वाढवतो.” आणि वाढवतात.

कंपनीकडून आधी यंत्राचं उत्तर आलं: आपला अभिप्राय आमच्यासाठी मौल्यवान आहे. नानांनी ते गावभर दाखवलं. मग एक दिवस खरोखरच फोन आला. नाना बारशाच्या मंडपात होते, पाळण्याची गाणी टिपेला पोचली होती. पलीकडे पुण्याची कोणी मुलगी होती. तिने म्हणे तिन्ही कागद वाचले होते, आणि वरिष्ठांनाही दाखवले होते.

“बोला ताई... काय?... हॅलो... ऐकू येत नाही!”

नानांनी पुतण्याकडे पाहिलं आणि तळहात खाली दाबून खूण केली. पुतण्याला ती खूण कळेचना; ती त्याने नानांच्या हातून कधी पाहिलीच नव्हती. शेवटी नाना स्वतः मिक्सरपाशी गेले आणि त्यांनी आवाज कमी केला. स्वयंपाकघरातून दोन बायका बाहेर डोकावल्या, लाइट गेली का बघायला.

मुलगी म्हणाली, तक्ता परत टाकतोय, नंबरही वर घेतोय. नाना नुसते ‘हां, हां’ करत होते. असं गप्प ऐकताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो. शेवटी तिने रीतीप्रमाणे विचारलं, या कॉलला आपण दहापैकी किती गुण द्याल?

“सात,” नाना म्हणाले आणि पायाने एक खुर्ची पुढे ओढून तिच्यावर ऐसपैस बसले. “आता तीन का कापले, ते लिहून घ्या.”