पोकळीचा कारभार

मोटारीचा ब्रेक मुळीच न लागणे ही आपत्ती होय, आणि आपत्तीला समाजात काही प्रतिष्ठा तरी असते; परंतु ब्रेक लागतो खरा, मात्र त्यासाठी आसनावरून अर्धवट उठून, स्टिअरिंग घट्ट धरून, देहाचा सगळा भार उजव्या पायावर घालावा लागतो, अशी कैफियत घेऊन आपण कोणाकडे गेलो, तर ऐकणारा मोटारीकडे न पाहता आपल्या प्रकृतीकडे पाहतो. "तुमचं वजन उतरलेलं दिसतंय," असा शेरा आमच्या शेजारच्या रावसाहेबांनी मारला. त्यांची हयात मामलेदार कचेरीत गेल्यामुळे चौकशीपूर्वीच निकाल तयार ठेवण्याची सवय त्यांना जडली आहे. वरच्या मजल्यावरील रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी ब्रेक ऑईलमध्ये कोणीतरी खनिज तेल ओतले असावे व त्यामुळे आतील रबरी सील फुगले असावेत, असे विद्वत्तापूर्ण अनुमान काढले. अनुमान शास्त्रशुद्ध होते, फक्त आमच्या मोटारीला लागू नव्हते. आमच्या कुटुंबाने, मोटार विकून टाकावी हे आपले जुने मत या निमित्ताने पुन्हा रुजू करून घेतले.

वस्तुतः या प्रकरणातला खरा कारभारी आम्हांपैकी कोणाच्याच परिचयाचा नव्हता. ब्रेकच्या पेडलामागे, इंजिनाच्या बाजूला, पत्र्याचा एक काळा गोल डबा असतो, त्याला बूस्टर म्हणतात. बेल्जियममधील आल्बेर देवान्द्र नावाच्या अभियंत्याने ही युक्ती शोधली आणि 1927 च्या सुमारास जर्मनीतील बॉश कंपनीने ती बाजारात आणली. डब्यात मधोमध रबरी पडदा असून त्याच्या दोन्ही अंगांची हवा पेट्रोलचे इंजिन एका नळीतून सतत ओढून घेते. आपण पाय ठेवला, की मागच्या दालनात बाहेरची हवा शिरते, पुढच्यात पोकळीच राहते, आणि हवेचा दाब पडद्याला पुढे रेटतो. पडदा 9 इंच व्यासाचा धरला तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे 410 चौरस सेंटिमीटर भरते. वातावरणाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो. तेव्हा पोकळी दोन तृतीयांश साधली तरी 270 किलोंच्या आसपास रेटा फुकटात पदरी पडतो. थोडक्यात, आपला पाय हा कचेरीतल्या साहेबासारखा केवळ सही करतो आणि कागद हलवण्याचे सारे कष्ट आतला निनावी कारकून उपसतो. तो रजेवर गेला, की साहेबाला स्वतःच्या सहीची खरी ताकद कळते.

पेट्रोल वाचवण्याच्या सद्हेतूने खंबाटकीच्या उतारावर इंजिन बंद करून मोटार सोडून देणारे जे काटकसरी गृहस्थ असतात, त्यांना हे ज्ञान फार वेगाने प्राप्त होते. डब्यातील शिल्लक पोकळी दोनतीनदा पाय दाबेपर्यंत पुरते. पुढे पेडल दगड होते, आणि दरी मात्र होती तिथेच असते.

आमचे मिस्त्री मितभाषी. त्यांनी ना वजनाची चौकशी केली, ना तेलाची. इंजिन बंद ठेवून त्यांनी पेडल चारपाच वेळा दाबले, ते पुरते कडक झाल्यावर त्यावर पाय तसाच रोखून धरला, आणि किल्ली फिरवली. बूस्टर शाबूत असेल तर इंजिन सुरू होताच पेडल पायाखाली किंचित खचते. आमचे जागचे हलले नाही. "व्हॅक्यूम नाही," एवढेच बोलून ते बॉनेटखाली कान नेऊन उभे राहिले. इंजिन थरथरत होते आणि त्या थरथरीखालून बारीक 'स्स्स' असा आवाज येत होता. मिस्त्रींनी बूस्टरकडे जाणारी रबरी नळी क्लिपेच्या जवळ अंगठ्याने वाकवली, तेव्हा उष्णतेने टणक झालेल्या त्या नळीला एक उभी चीर पडलेली दिसली. चिरेवर बोट दाबताच आवाज थांबला आणि इंजिनही शांत चालू लागले.

इतक्या क्षुल्लक जिनसेसाठी पैसे मोडणे रावसाहेबांच्या तत्त्वात बसेना. बागेला पाणी घालण्याच्या नळीचा हातभर तुकडा त्यांनी तत्काळ देऊ केला. "साहेब, ती नळी आतल्या ओढीनं चपटी होईल," मिस्त्री म्हणाले, "मग ब्रेक अजून कडक." त्यांनी पोकळीला दाद न देणारी जाड नळी मागवली, नॉन-रिटर्न व्हॉल्व तोंडाने फुंकून एकाच दिशेने हवा जाते याची खातरजमा केली, नवी क्लिप आवळली आणि बोळ्याला हात पुसले.

चाचणीफेरीस रावसाहेब मागील आसनावर साक्षीदार म्हणून हजर होते. टिळक रस्त्यावर भाजीची एक हातगाडी आडवी आली आणि माझ्या उजव्या पायाने, नव्या कारभाराची वर्दी त्याला अद्याप पोचली नसल्यामुळे, जुन्याच इमानाने जोर लावला. मोटार जागच्या जागी गपकन थांबली. रावसाहेबांचा चष्मा पुढच्या आसनाच्या पाठीवर आपटून खाली गेला. तो चाचपडून शोधता शोधता त्यांनी नवी फिर्याद दाखल केली, ती अशी, की हा ब्रेक फार लागतो, सबब मोटार पुन्हा मिस्त्रीकडे न्यावी.