किल्ली नर्सबाईंकडे आहे

शाळेची अब्रू ही मोठी विचित्र चीज आहे. गळकं छप्पर ती सहन करते, गणिताचा निकाल सहन करते, फुटबॉलच्या संघाने ओळीने सामने घालवले तरी तिला काही होत नाही. पण ऑफिसच्या कपाटात नाकात मारायच्या फवाऱ्याचं एक पाकीट ठेवा म्हटलं, की तिला घेरी येते. अमेरिकेतल्या हायस्कुलांत गेली दहा वर्षं या घेरीवर उपचार चालू आहेत. फवारा ज्यांच्यासाठी आहे, त्यांचा नंबर त्यानंतर.

फवाऱ्यात असतं नॅलॉक्सोन. दुकानातलं नाव नारकॅन. हेरॉइन, ऑक्सिकोडोन, हल्लीचं फेंटानिल, असं अफूच्या कुळातलं काहीही जास्त झालं की श्वास मंदावतो, ओठ निळे पडतात, आणि मग श्वास थांबतो. नॅलॉक्सोन काय करतं ते एसटीच्या भाषेत सांगतो. मेंदूतल्या ज्या सीटवर अफूबाई ऐसपैस बसलेल्या असतात, तिथे ते येतं, त्यांना उठवतं आणि स्वतः बसतं. बसून काही करत नाही, नुसती जागा अडवतं. दोन-तीन मिनिटांत श्वास सुरू होतो. मात्र अर्ध्या ते दीड तासात हा प्रवासी उतरून जातो आणि अफूबाई दांड्याला धरून तिथेच उभ्या असतात. म्हणून नुसता फवारा मारून भागत नाही, ९११ या आपत्कालीन नंबरला फोन करावाच लागतो. शरीरात अफू नसेलच, तर औषधाचा परिणाम शून्य. म्हणजे चुकून भलत्याला दिलं तरी बिघडत नाही.

औषध नवं असतं तर बिचकणं समजलं असतं. त्याला मान्यता मिळाली १९७१ साली. शाळांच्या बोर्डांवर बसलेल्या बऱ्याच मंडळींहून ते वयाने मोठं आहे. आधी फक्त इंजेक्शन होतं. नाकातल्या फवाऱ्याला नोव्हेंबर २०१५ मध्ये परवानगी मिळाली आणि दोनच महिन्यांनी तो बनवणाऱ्या अडॅप्ट फार्माने क्लिंटन फाउंडेशनबरोबर जाहीर केलं, की देशातल्या प्रत्येक हायस्कूलला फवारा फुकट देऊ. औषध कंपनी आणि फुकट, हे दोन शब्द अमेरिकेत एका वाक्यात यायला ग्रह फार चांगले लागतात. तरीही फुकटची वस्तू शाळेच्या दारातून आत यायची म्हणजे बोर्डाचा ठराव हवा.

अशी एक सभा डोळ्यांपुढे आणा. विषयपत्रिकेत हा मुद्दा पार्किंगच्या खाली आणि बँडच्या गणवेशाच्या वर. अध्यक्ष म्हणतात, "औषध चांगलंच आहे हो, पण ठेवलं असं बाहेर कळलं, तर लोक म्हणणार, यांच्याकडे लागतं." वकीलसाहेब विचारतात, औषध दिलं आणि काही झालं तर जबाबदार कोण? औषध नव्हतं म्हणून काही झालं तर जबाबदार कोण, हे कुणी विचारत नाही. त्याची पावती शाळेच्या नावाने फाटत नाही. एक जागरूक पालक सुचवतात, आधी एकदा दाबून तरी बघू, चालतो का. पाकिटावरच्या सूचनांत नेमकं हेच करू नका असं लिहिलेलं असतं. एका फवाऱ्यात एकच डोस, बघण्यासाठी दाबला की संपला. अखेर उपसमिती नेमली जाते. फवाऱ्याची मुदत आता चार वर्षांची झाली आहे, ती अशा उपसमित्यांची चाल बघूनच वाढवली असावी.

शिक्षकांना हे जमेल का, अशीही शंका निघते. रास्त आहे. नाकपुडीत टोक घालायचं आणि अंगठ्याने दट्ट्या दाबायचा, म्हणजे दोन पायऱ्या झाल्या. त्याच देशात टेनेसीच्या विधिमंडळाने २०२४ साली शिक्षकांना पिस्तूल लपवून वर्गात नेण्याची मुभा दिली आहे. त्याचं प्रशिक्षण चाळीस तासांचं. पिस्तूल जमेल, दट्ट्याचं सांगता येत नाही.

नशेविरुद्ध शाळा काहीच करत नव्हत्या असं मात्र कुणी म्हणू नये. १९८३ साली लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी आणि तिथल्या शाळा-जिल्ह्याने मिळून 'डेअर' नावाचा कार्यक्रम काढला. गणवेशातला पोलीस वर्गात येणार, 'नाही म्हणा' असं शिकवणार, टी-शर्ट वाटणार. या कार्यक्रमाचे जनक, पोलीसप्रमुख डॅरिल गेट्स, यांनी १९९० मध्ये सिनेटच्या समितीपुढे मत मांडलं, की अधूनमधून नशा करणाऱ्यांना बाहेर नेऊन गोळ्याच घालायला हव्यात. शिक्षक म्हणून माणूस हळवा असावा. एके काळी देशातले तीन-चतुर्थांश शाळा-जिल्हे हा कार्यक्रम राबवत होते. पाहणीमागून पाहणी झाली आणि निष्पन्न असं, की ज्यांनी तो घेतला आणि ज्यांनी घेतला नाही, त्यांच्या नशेत टिकाऊ फरक काही नाही. त्यावरून कुठल्या शाळेची अब्रू गेल्याचं ऐकिवात नाही.

डेअरच्याच धर्तीवर एका संस्थेने १९९८ साली न्यूयॉर्क राज्यात शाळांना पेन्सिली पुरवल्या. त्यांवर छापलं होतं, 'टू कूल टू डू ड्रग्ज'. थोडक्यात, आम्ही इतके भारी की नशेच्या वाटेला जात नाही. मजकूर टोकाकडून सुरू होत होता. टोक काढत गेलं की उरायचं 'कूल टू डू ड्रग्ज'. आणखी काढलं की नुसतंच 'डू ड्रग्ज'. मोठ्या माणसांपैकी कुणीही पेन्सिल तासून पाहिली नव्हती. ते दहा वर्षांच्या एका विद्यार्थ्याच्या लक्षात आलं. पेन्सिली परत मागवल्या गेल्या.

सावधगिरीचा आणखी एक नमुना अ‍ॅरिझोनातल्या सॅफर्डचा. २००३ साली तिथे तेरा वर्षांच्या एका मुलीकडे गोळ्या असल्याचा संशय आला, म्हणून तिचे कपडे उतरवून झडती घेतली. गोळ्या आयबुप्रोफेनच्या, डोकेदुखीवर घेतात त्या. सापडलं काहीच नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २००९ मध्ये एकाविरुद्ध आठ मतांनी न्यायमूर्तींनी सांगितलं, की ही झडती घटनाबाह्य होती. वेदनाशामक गोळीसाठी इतकी धाव घेणाऱ्या यंत्रणेला फवाऱ्याच्या वेळी मात्र पाय जड होतात.

यामागे तत्त्वज्ञान आहे. मेन राज्याचे तेव्हाचे गव्हर्नर पॉल लपाज यांनी ते २०१६ साली मांडलं. नॅलॉक्सोन चिठ्ठीशिवाय मिळावं म्हणून विधिमंडळाने केलेला कायदा त्यांनी नाकारला, कारण त्यांच्या मते या औषधाने जीव वाचत नाही, तो फक्त पुढच्या ओव्हरडोसपर्यंत लांबतो. आता मरण पुढच्या तारखेला ढकलणं हाच तर सगळ्या वैद्यकशास्त्राचा धंदा आहे. त्या हिशोबाने हृदयाची शस्त्रक्रियाही बंद करायला हवी. विधिमंडळाने त्यांचा नकार झिडकारला, पण युक्तिवाद टिकून आहे. औषध जवळ आहे म्हटल्यावर मुलं बेफिकीर होतील, असं आता म्हणतात. असं म्हणणाऱ्यांनी फवाऱ्यानंतर शुद्धीवर आलेला माणूस पाहिलेला नसतो. नशा एका क्षणात उतरलेली, घाम, ओकारी, अंगाचा ठणका, आणि वाचवणाऱ्याच्या नावाने शिव्या. यासाठी कुणी मुद्दाम रांग लावत नाही.

आता विनोद थोडा बाजूला ठेवतो. जानेवारी २०२२ मध्ये कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डला सातवीतला एक मुलगा शाळेत कोसळला आणि दोन दिवसांनी गेला. कारण फेंटानिल. शाळेच्या नावात वैद्यकशास्त्र होतं, शाळेत नॅलॉक्सोन नव्हतं. त्याच सप्टेंबरात लॉस एंजेलिसमधल्या एका हायस्कूलच्या स्वच्छतागृहात पंधरा वर्षांची मुलगी मेलेली सापडली. तिने घेतलेल्या गोळीत फेंटानिल होतं. मग नऊ-दहा दिवसांत तिथल्या शाळा-जिल्ह्याने सगळ्या शाळांत नॅलॉक्सोन ठेवायचं जाहीर केलं, आणि पुढच्या वर्षी विद्यार्थ्यांना ते जवळ बाळगायचीही मुभा दिली. हाच तो डेअर काढणारा शाळा-जिल्हा. 'नाही म्हणा'पासून नाकातल्या फवाऱ्यापर्यंत यायला त्याला एकोणचाळीस वर्षं लागली. २०२२ साली अमेरिकेत चौदा ते अठरा वयाची सरासरी २२ मुलं दर आठवड्याला ओव्हरडोसने मेली. म्हणजे आठवड्याला एक वर्ग.

यात आपली माणसंही आहेत. न्यू जर्सीत २०१८च्या कायद्याने प्रत्येक हायस्कूलला हे औषध ठेवणं बंधनकारक आहे, त्यामुळे एडिसनच्या मराठी घरातल्या मुलाच्या शाळेतही ते असतं. शाळेकडून तसा ईमेल आला की पालकांच्या ग्रुपवर खळबळ उडते. "हे आपल्या मुलांसाठी नाही हो, ते 'त्या' मुलांसाठी." आपला अथर्व रविवारी मराठी शाळेत जातो, तबला शिकतो, त्याचा या गोष्टींशी काय संबंध? संबंध असा, की फेंटानिल आता फेंटानिल म्हणून येत नाही. ते पर्कोसेटच्या, झॅनॅक्सच्या, रात्र जागून अभ्यास करणाऱ्या पोरांच्या लाडक्या अ‍ॅडरॉलच्या वेशात, फोनवरून मागवलेल्या गोळीतून येतं. अंमली पदार्थविरोधी खात्याने २०२३ मध्ये तपासलेल्या फेंटानिल मिसळलेल्या नकली गोळ्यांपैकी दहांतल्या सातांत जीव जाण्याइतका डोस होता. दोन मिलिग्रॅम पुरतात. गोळी घेणाऱ्याचे मार्क किती, हे ती विचारत नाही.

इथे महाराष्ट्रात बसून हसण्यासारखंही फारसं नाही. आपणही २६ जूनला प्रभातफेरी काढतो, व्यसनमुक्तीची शपथ घेतो, निबंधाला बक्षीस देतो. आणि २०२४ मध्ये कुरकुंभच्या एमआयडीसीत एमडीचा, म्हणजे मेफेड्रोनचा, कारखाना सापडतो. एमडी अफूच्या कुळातलं नाही, त्यावर नॅलॉक्सोन चालत नाही. प्रभातफेरी चालते का, याची पाहणी मात्र व्हायला हरकत नाही.

बरं, ठराव झाला, पाकीट आलं. मग ते कुठे ठेवायचं? अब्रूदार वस्तू, तेव्हा कुलपात. किल्ली नर्सबाईंकडे. बऱ्याच शाळांना पूर्णवेळ नर्स नाही, त्यामुळे नर्सबाई आज दुसऱ्या शाळेत. मुलगा कोसळलेला असतो दुसऱ्या मजल्यावरच्या स्वच्छतागृहात, आणि श्वास थांबल्यावर मेंदूकडे असतात मोजकी मिनिटं. शेजारी बहुतेक वेळा कुणीतरी असतं. दहा ते एकोणीस वयोगटातल्या ओव्हरडोसच्या मृत्यूंची सरकारी तपासणी सांगते, की सुमारे दोन-तृतीयांश वेळा जवळपास माणूस होता आणि बहुतेकदा त्याने काही केलं नाही. काहींना वाटलं, घोरतोय. काही वेगळ्या खोलीत होते. आणि शाळेतून काढून टाकतील ही भीती शिकवलेली मुलं फोन उचलायच्या आधी काय विचार करतात, हे वेगळं सांगायला नको.

तेव्हा अमेरिकेतल्या मराठी आईबाबांनो, शाळेच्या उपसमितीची वाट बघू नका. सप्टेंबर २०२३ पासून हा फवारा दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतो, दोन डोसांचं पाकीट साधारण ४५ डॉलरला. न्यू जर्सीत तर राज्याच्या योजनेत सामील असलेल्या औषधाच्या दुकानात चौदा वर्षांच्या किंवा त्याहून मोठ्या कुणालाही नाव न सांगता फुकट देतात. एक पाकीट घरात ठेवा, कुलपात नको, आणि ते कुठे आहे हे अथर्वला सांगा. त्याला हेही सांगा, की मित्र कोसळला तर आधी ९११, मग फवारा; आणि तू तिथे काय करत होतास, हे घरी कुणीही विचारणार नाही. त्या दिवशी तरी नाही.