मुक्काम मौजे नागझिरा

ज्या मनुष्याने आयुष्याची चौतीस वर्षे तहसील कचेरीच्या दप्तरात काढली, ज्याने खुर्चीचा मोडका पायसुद्धा नोंदवहीतून रीतसर खारीज झाल्याशिवाय कोणास चुलीत घालू दिला नाही, आणि ज्यास सेवानिवृत्तीच्या समारंभात शालश्रीफळ स्वीकारतानाही पोचपावतीवर सही कोठे करावयाची याचीच विवंचना पडली होती, असा मनुष्य अरण्यवासाचा बेत करू लागला म्हणजे त्या बेताला कोणते रूप येते, हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने भंडाऱ्यास आमच्या नाझरसाहेबांची ओसरी गाठावी. नाझर हा त्यांचा हुद्दा. हुद्दा सरकारात जमा झाला, हाक तेवढी त्यांच्यापाशी राहिली. असा एक तरी बेतकरी प्रत्येक गावात असतोच. कोणी काशीयात्रेचा बेत करतो, कोणी माडी चढवण्याचा. आमच्या वाट्याला जो आला तो नागझिऱ्याच्या डोंगरांतून पायी हिंडण्याचा आणि तेथे तंबू ठोकून दोन रात्री राहण्याचा बेत गेली कित्येक वर्षे करीत आहे.

या बेताची एक मिसल आहे. जाड पुठ्ठ्याची, लाल फितीची. वर वळणदार अक्षरात ‘नागझिरा पायी प्रवास व वनमुक्काम, भाग ४ था’. आत सामानाची फर्द. कंदील १ नग. घासलेट २ शिशा. चिन्नोर तांदूळ २ पायल्या. लाखोरीची डाळ १ पायली. सुतळी, कापूर, सर्पदंशाकरिता पोटॅशियम परमँगनेट (हा उपचार कालबाह्य झाल्याचे आमच्या कंपाउंडरांनी दोनदा लेखी कळवले आहे), कोरे मुचलके ४, आणि पितळी गंज, भंडाऱ्याच्या घडणीचा, १ नग. गंजासमोर शेऱ्याच्या रकान्यात ‘वजनदार; वाहून कोणी न्यावा याबाबत निर्णय प्रलंबित’ असे लिहिले आहे, आणि तो निर्णय आजतागायत प्रलंबितच आहे. आमच्या मंडळीतल्या मास्तरांनी एकदा ॲल्युमिनियमच्या पातेल्याचे नाव काढले, तेव्हा ज्या गावच्या पितळेची भांडी चहूकडे जातात त्या गावच्या माणसाने रानात ॲल्युमिनियम न्यावे काय, या एका मुद्द्यावर दोन बैठका खर्ची पडल्या आणि मास्तरांना आपले म्हणणे कार्यवृत्तातून मागे घ्यावे लागले.

भूगोलाच्या बाबतीतही नाझरसाहेबांची एक जुनी कैफियत आहे. नागझिरा अभयारण्य झाले १९७० साली, आणि तेव्हा ते सारे भंडारा जिल्ह्यात होते. पुढे १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा निघाला. “वाटणीत वाघ त्यांच्याकडे गेले, फाटक आपल्याकडे राहिलं,” असे ते साकोली तालुक्यातील पिटेझरीच्या फाटकाकडे बोट दाखवून म्हणतात, आणि एखाद्या भाऊबंदाने आंबराई लाटावी व आपल्या नावे नुसते कुंपण ठेवावे तसा त्यांचा चेहरा होतो. २०१३ साली भंडाऱ्याच्या उशाशी कोका अभयारण्य जाहीर झाले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात नवेगाव, नागझिरा व कोका मिळून व्याघ्रप्रकल्प झाला, तेव्हा त्यांना थोडा दिलासा वाटला खरा. परंतु मिसलीचा मथळा त्यांनी बदलला नाही. व्यंकटेश माडगूळकर नागझिऱ्यात मुक्काम करून राहिले आणि त्यांनी त्यावर पुस्तक लिहिले. तेव्हा पूर्वदाखला आहे तो नागझिऱ्याचा, कोक्याचा नव्हे, हे त्यांचे म्हणणे.

अखेर एका हिवाळ्यात आम्ही चौघे चौकशीपुरते पिटेझरीला गेलो. सागाची पाने दवाने जड झाली होती, पलीकडे टेकड्यांवर धुके होते, आणि फाटकापाशी शेकोटीवर हात धरून एक तरणा वनरक्षक उभा होता. नाझरसाहेबांनी मिसल उघडली. पोराने ती आदराने ऐकून घेतली आणि म्हणाला, “पायी नाही जाऊ देत जी. गाडी घ्या, वाटाड्या घ्या, फिरून या. मधात उतरायचं नाही.”

“आणि तंबू?”

“तंबूचं तर नावच नका काढू जी. रात्री अस्वल आलं तर ते काय परवाना पाहून परत जाईल?”

दुसरा कोणी असता तर खट्टू झाला असता. नाझरसाहेबांच्या मुद्रेवर मात्र जी प्रसन्नता पसरली ती मी त्यांच्या कन्येच्या लग्नातही पाहिली नव्हती. मनाई आहे याचा अर्थ परवानगी आहे, आणि परवानगी आहे याचा अर्थ ती देणारा कोणी अधिकारी आहे! परतीच्या वाटेवर साकोलीच्या चहाच्या टपरीत बसून त्यांनी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचे अठ्ठाविसावे कलम आम्हांस समजावून दिले. अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन आणि अभयारण्यात राहणाऱ्या व्यक्तीशी कायदेशीर व्यवहार, एवढ्या कारणांकरिता मुख्य वन्यजीव रक्षकांस प्रवेशाचा परवाना देता येतो. यांपैकी शेवटच्या कारणावर त्यांचे मन जडले, आणि वाघास ‘राहणारी व्यक्ती’ या संज्ञेत बसवता येईल किंवा कसे, या विचारात त्यांचा चहा निवून गेला.

मी त्यांना एकदा सरळच विचारले, की तुमसरजवळ गोंड राजा बख्त बुलंदाच्या काळचा आंबागड उभा आहे. डोंगर आहे, चढ आहे, भोवती रान आहे, सकाळी निघून सांजेला परत येता येईल. मग तोच का नको? त्यांनी माझ्याकडे अशा करुणेने पाहिले, की जणू मी बिनतिकिटाच्या कागदावर खरेदीखत लिहून आणले आहे. “तेथे अर्ज कोणाकडे करावयाचा?” ते म्हणाले. “ऊठसूट कोणीही चढतो तेथे!”

मास्तर मात्र खवचट. त्यांनी जय वाघाचा विषय काढला. नागझिऱ्यात जन्मलेला हा वाघ २०१३ च्या सुमारास आपल्या पायांनी निघाला आणि शेते, रस्ते, नदीनाले ओलांडीत पवनीकडच्या उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात जाऊन राजासारखा नांदला. “त्यानं ना बैठक घेतली, ना फर्द केली,” मास्तर म्हणाले, “उठला आणि चालू लागला!”

नाझरसाहेब किंचितही डगमगले नाहीत. “आणि २०१६ साली बेपत्ता झाला,” ते शांतपणे उत्तरले. “गळ्यात पट्टा होता, तरी ठावठिकाणा लागला नाही. रीतसर अर्ज करून निघाला असता, तर आवक-जावक नोंदवहीत तरी सापडला असता, बाप्पा.”

यावर मास्तरांस काही बोलता येईना, आणि खरे सांगावयाचे तर मलाही आले नाही.

तंबू मात्र घेतलेला आहे. नागपूरहून आणला, पावती मिसलीत डकवलेली आहे. तो नाझरसाहेबांच्या गच्चीवर उभा असतो, आणि उन्हाळ्यात त्यात कुरड्या वाळतात. त्याच्या दाराला बारीक जाळी असल्यामुळे कावळ्यांचा मुळीच उपद्रव होत नाही, असा नाझरीणबाईंचा निर्वाळा आहे.