बघायचे कसले पैसे?

मुंबईहून खाडीपलीकडच्या आमच्या गव्हाणात कुणाच्या न्हाणीघराखाली ओल उतरली की तीन माणसं येतात. प्लंबर, लादीवाला आणि वॉटरप्रूफिंगवाला. तिघंही छताकडे बघून चुकचुकतात आणि तिघांचंही निदान खिशात तयार असतं. प्लंबर म्हणतो, पाइप बदला. लादीवाला म्हणतो, लाद्या काढा. वॉटरप्रूफिंगवाला म्हणतो, त्या दोघांचं ऐकू नका, केमिकल मारा. पाणी नेमकं कुठून येतंय, हे मात्र तिघांपैकी कुणी सांगत नाही. आपण ते विचारलेलंच नसतं.

यात त्यांची काही चूक नाही. दुरुस्तीचे पैसे मिळतात, शोधायचे मिळत नाहीत. ओडिशातल्या केंद्रापाडा जिल्ह्यातली माणसं नळाच्या कामासाठी देशभर नावाजलेली आहेत. त्यांच्यातल्या एखाद्या मुरलेल्या मिस्त्रीला सांगावं, ‘अर्धा दिवस बसा, तोट्या उघडा-बंद करा, काही फोडू नका, फक्त सांगा.’ तो सांगेलही. पण त्याने या बसण्याचे पाचशे रुपये मागितले की आपल्या कपाळाला आठ्या. ‘बघायचे कसले पैसे?’ आणि पुढच्याच आठवड्यात पन्नास हजारांची फोडाफोडी आपण हसतमुखाने सुरू करतो. धूळ उडाली, आवाज झाला, शेजाऱ्यांनी डोकावून पाहिलं, की पैसे वसूल.

खरं तर पाण्यासारखा प्रामाणिक साक्षीदार नाही. फक्त त्याला ‘कुठून’ विचारून उपयोग नसतो, ‘कधी’ विचारावं लागतं. ओल दिसते तिथेच गळती असते, ही आपली पहिली अंधश्रद्धा. हल्लीच्या इमारतींत न्हाणीघराचा स्लॅब बाकीच्या घरापेक्षा खाली घेतलेला असतो. मिस्त्री त्याला संकन म्हणतात. त्या खड्ड्यात पाइप टाकतात, विटांचे तुकडे भरतात, वर कोबा आणि त्यावर लादी. एका कोपऱ्यात मुरलेलं पाणी त्या विटांमध्ये मुक्काम ठोकतं आणि स्लॅबला जिथे बारीक चीर असेल तिथून सवडीने खाली उतरतं. म्हणून वरचा नाहणी ट्रॅप एका कोपऱ्यात आणि खालच्या वहिनींच्या डोक्यावर पडणारा थेंब भलत्याच कोपऱ्यात.

तेव्हा जागा सोडा, वेळ धरा. सगळे गावाला गेले, घराला कुलूप आहे, तरी ओल हटत नसेल, तर कायम दाबाखाली असलेली लाइन बघा : भिंतीतला पाइप नाहीतर गिझरचा जोड. आंघोळी उरकल्यावर तासाभराने वाढत असेल, तर ट्रॅप किंवा लाद्यांच्या सांधी. पंप चालू असतानाच वाढत असेल, तर टाकीकडे चढणारा पाइप. जूनमध्ये उगवून दसऱ्याच्या आगेमागे मावळत असेल, तर न्हाणीघर निर्दोष आहे. बाहेरची भिंत आणि छज्जा तपासा. या पट्ट्यात पावसाळ्यात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि त्याचं खापर बिचाऱ्या कमोडवर फुटतं.

याला यंत्र लागत नाही. नाहणी ट्रॅपच्या तोंडात फडक्याचा घट्ट बोळा बसवायचा, दाराशी ओल्या मातीचा नाहीतर सिमेंटचा बांध घालायचा आणि लादीवर दोन बोटं पाणी साठवायचं. पाण्याच्या काठाला भिंतीवर पेन्सिलची रेघ. चोवीस तास आत कुणी जायचं नाही. पाणी रेघेखाली चांगलं उतरलं आणि खाली थेंब सुरू झाला, तर लादी आणि तिच्या सांधी दोषी. रेघ जागच्या जागी राहिली, तर बोळा काढायचा, सगळं पाणी एकदम सोडायचं आणि खालच्या न्हाणीघरात स्टुलावर उभं राहून बॅटरी मारायची. ट्रॅपच्या गळ्याशी थेंब फुगू लागला की आरोपी सापडला. लादी निर्दोष सुटली, चाळीस हजार वाचले.

फ्लशच्या टाकीची चोरी पकडणं याहून सोपं. टाकीत कपड्यांच्या निळीचे चार थेंब घालायचे आणि वीस मिनिटं फ्लशला हात लावायचा नाही. भांड्याच्या पांढऱ्या उतारावरून निळसर रेघ घरंगळली, की टाकीतलं रबर गेलेलं आहे. थेंबाला कमी लेखू नये. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाचे ८६,४०० थेंब. अगदी बारीक थेंब धरला, वीस थेंबांना एक मिलिलिटर, तरी रोज सव्वाचार लिटर.

गावठाणातल्या आगरी आज्या हेच सांगतात. ‘पानी कुठशी येतंय त बग, मंग फोर.’ फुकट मिळालेला सल्ला असल्यामुळे तो कुणी मनावर घेत नाही.

इतकं सोपं असून कुणी करत का नाही? कारण गळती सापडली की सोबत बिलाचा मालकही सापडतो. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत वाटणी स्वच्छ आहे. सामाईक पाइप आणि सांडपाण्याच्या नळ्यांची गळती संस्थेने दुरुस्त करायची. घरातल्या शौचालयाची, सिंकची ज्याची त्याने. म्हणजे कारण कळेपर्यंत सगळे शेजारी, कारण कळलं की एक जण देणेकरी. साहजिकच सभेत कारण सोडून बाकी सगळ्यावर चर्चा होते. वरचे काका म्हणतात, आमच्याकडे एकदम कोरडं आहे. खालच्या वहिनी म्हणतात, मग आमच्याकडे काय ढग येतात? सेक्रेटरी म्हणतात, पावसाळा संपू द्या. पावसाळा संपतो, ओल सुकते, छताला रंग लागतो. भिंतीला पोपडे आणि लोणा फुटायला पुढचा जून आहेच.

इमारत नवी असेल तर आणखी मौज. रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत, एक पैसा न घेता दुरुस्त करून द्यायचा असतो. दोष दाखवून द्यायचा, हे त्यातलं महत्त्वाचं. पण आपण तर पहिल्याच वर्षी हौसेने लाद्या फोडून, ट्रॅप बदलून, चार कोपऱ्यांत पांढरं सिमेंट चोपडून बसलेलो. बिल्डरचा माणूस येतो, खाली वाकतो आणि अत्यंत नम्रपणे म्हणतो, ‘साहेब, हे तर तुम्हीच उघडलंत.’ हातोड्याने सर्वांत आधी काय फुटत असेल, तर पुरावा. संपादित जमिनीच्या मोबदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाचा चौरस मीटर न्‌ चौरस मीटर मोजून घेणारे आपण, त्याच भूखंडावर उभ्या राहिलेल्या घराचा पुरावा मात्र डेब्रिसच्या गोण्यांत भरून स्वखर्चाने पाठवून देतो.

शोधणाऱ्याची कदर काय होते, हे बघायचं तर खाडी ओलांडून विलेपार्ल्याला चला. मार्च २०१२. तिथल्या वेलंकनी चर्चमधल्या क्रूसावरच्या येशूच्या पायांतून पाणी ठिबकू लागलं. भाविक जमले, पाणी तीर्थ म्हणून गोळा होऊ लागलं. विवेकवादी कार्यकर्ते सनल एडामरुकू तिथे गेले आणि त्यांनी पुतळा सोडून भिंतीचा माग काढला. जवळच स्वच्छतागृहाचं सांडपाणी तुंबलेलं होतं. ते केशाकर्षणाने भिंतीत चढत होतं आणि क्रूसावाटे बाहेर पडत होतं. एका माणसाने, काहीही न फोडता, न्हाणीघराची गळती शोधून दाखवली. बक्षीस म्हणून त्यांच्यावर मुंबईत भारतीय दंड संहितेच्या कलम २९५-अ खाली तक्रारी झाल्या. अटकेच्या शक्यतेमुळे त्याच वर्षी ते फिनलंडला गेले. गळक्या नळीविरुद्ध कुणी तक्रार दिल्याचं ऐकिवात नाही.

हे एकाच धर्माचं दुखणं समजू नका. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध पिऊ लागले, तेव्हा आपण वाट्या-चमचे घेऊन रांगेत होतो. त्या रांगेत कुणी पृष्ठताण समजावू लागला असता तर त्याला शेवटी नेऊन उभं केलं असतं.

घराचं तेच शहराचं. पुरवठ्यातलं हिशेबात न लागणारं पाणी २० टक्क्यांच्या आत असावं, असा केंद्राचा मापदंड २००८ पासून आहे. मुंबईत रस्ता शांत झाल्यावर, रात्री जमिनीला सळई टेकवून आणि तिला कान लावून जमिनीखालची गळती ऐकणारे पालिका कर्मचारी आहेत. त्यांचा फोटो कुणी फ्लेक्सवर पाहिलाय? धरणाला भूमिपूजन असतं, पाइपलाइनला उद्‌घाटन असतं. सापडलेल्या गळतीला नारळ फोडायला कोण येणार? आमच्या शेजारच्या उलव्याचं पाणी येतं पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणातून. एवढी मजल मारून, शुद्ध होऊन, पंपाने गच्चीवर चढून ते चौथ्या मजल्यावर पोहोचतं. तिथून तिसऱ्या मजल्यापर्यंतचा प्रवास तेवढा मोफत.

तेव्हा पुढच्या वार्षिक सभेत एकच ठराव मांडा : हातोड्याआधी तपासणी, आणि तपासणीची फी आगाऊ. फोडणारा आणि शोधणारा माणूस वेगळा हवा, म्हणजे फोडण्यात शोधणाऱ्याचा फायदा राहणार नाही. ठराव नामंजूर झाला तर काळजी नको. फोडायचं कोटेशन तयारच आहे आणि त्यात तपासणी मोफत असते. फक्त ती फोडून झाल्यावर करतात.