राणी तीच, कागद वेगळा

रात्री साडेनऊला आमच्या घरातले दिवे जातात. वीज कंपनीचा यात काही दोष नाही. ते मीच घालवतो. मग अतिनील दिवा लावून ब्रिटिश पोस्टाच्या तिकीट-पुस्तिका पसरून बसतो.

"अहो, ही कालचीच राणी ना?"

राणी कालचीच. अर्नॉल्ड मेचिन यांनी घडवलेला तो चेहरा जून १९६७ मध्ये तिकिटावर आला आणि पन्नासहून अधिक वर्षं ठाण मांडून बसला. पण कागद? जुना कागद या दिव्याखाली मख्ख राहतो. १९७१ च्या सुमारास आलेला झगझगीत निळसर उजळतो. त्याच्या लेपात शुभ्रता आणणारं द्रव्य असतं, आपल्या टिनोपालचंच भावंड. दिवसाउजेडी दोन्ही पांढरेच.

या पुस्तिकांचं मूळही मजेशीर आहे. १९०४ च्या पहिल्या पुस्तिकेत एक पेनीची चोवीस तिकिटं होती, म्हणजे दोन शिलिंगांची. किंमत मात्र दोन शिलिंग अर्धी पेनी! वरची अर्धी पेनी बांधणीची. १९०६ मध्ये किंमत सरळ दोन शिलिंग केली, पण आत घातलेल्या अर्ध्या पेनीच्या तिकिटांतलं एक काढून तिथे नुसती फुली छापली. हिशेबाला हे पोस्ट आपल्या वाण्याच्या वरताण. आज फुलीसकटचं ते पान शाबूत दिसलं की संग्राहकाचा जीव वरखाली होतो.

माझाही एकदा झाला होता. जुन्या पुस्तिकेतलं तिकीट काळ्या तबकडीत उपडं ठेवलं, तर पाणछापेतला मुकुट उलटा! मी आनंदानं पेढे आणले. नंतर वाचलं की पुस्तिकांसाठीचे कागद असे छापत, की निम्म्या पानांवर मुकुट उलटाच यायचा. पेढे चांगले होते.

खरी गंमत १९७२ च्या वेजवुड पुस्तिकेत आहे. विषय चिनी मातीची भांडी, किंमत एक पौंड. पत्रं सरळ लावणाऱ्या यंत्राला कळावं म्हणून तिकिटांवर फॉस्फरचे पट्टे असत. अर्ध्या पेन्सच्या तिकिटाला एरवी दोन्ही कडांना, इथल्या एका तिकिटाला फक्त डावीकडे. तेवढ्यासाठी लोक घसघशीत पैसे मोजतात. त्यातही कापताना दाते छाटले गेले असतील तर भाव पडतो. छपाईच्या पात्याखाली कण अडकून राणीच्या गालावर रेघ उमटली, तर मात्र वाढू शकतो. आमच्या छंदात कुठल्या चुकीला माफी आणि कुठलीला मान, हे शिकण्यात माझी वीस वर्षं गेली.

परवा दिवा खणात सापडेना. बघतो तर ही गॅलरीतल्या अंधारात वाळत घातलेल्या उशांच्या अभ्र्यांवर तो धरून उभी. तीन अभ्रे लखलखत होते, चौथा मख्ख.

"हा आपला नाही," ती म्हणाली. "इस्त्रीवाल्यानं बदललाय."