अण्णांचं पशुधन

पंचवटीतल्या जुन्या वाड्यात राहणारे आमचे अण्णा "घरी पाली पाळल्यात" असं सांगतात, तेव्हा पाहुण्याचे पाय आपोआप खुर्चीवर जातात. खरं तर पाली अण्णांच्या आधीपासून तिथे आहेत आणि त्यांना अण्णांनी आजवर एक मुंगीसुद्धा भरवलेली नाही. पण निवृत्त माणसाला कुणाचं तरी पालकत्व लागतं, आणि घरात त्यांचं ऐकणारं दुसरं कुणी नाही. पालीही ऐकत नाहीत, पण उलट उत्तर देत नाहीत.

अण्णांचं सांभाळणं म्हणजे रात्री ट्यूबलाइट बंद करू न देणं. "अगं, त्यांची जेवायची वेळ झालीय!" पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंखवाली वाळवी जमली, की अण्णा यजमानासारखे खाली उभे राहून "सावकाश होऊ द्या" म्हणतात.

काकूंनी मोरपीस लावलं, डांबरगोळ्या ठेवल्या, शेवटी अंड्याची टरफलं आणली. ज्या घरात तीन पिढ्या अंडं शिरलं नव्हतं, तिथे पालीला घालवायला ते शिरलं! आठवड्याभरात पालीनं मीटरच्या मागे स्वतःची दोन अंडी घातली. दिवाळीच्या रंगकामाला अण्णांनी लगेच स्थगिती दिली : "घरात बाळंतीण आहे."

एकदा झाडूच्या फटक्यानं एकीची शेपटी तुटली. ती परत आली, तेव्हा अण्णा आपला गुडघा चोळत म्हणाले, "नव्या शेपटीत मणके नसतात, नुसती कूर्चा असते. आमची झिजली ती झिजली!" पालीच्या बोटांखाली अतिसूक्ष्म केस असतात, त्यांच्या जोरावर ती काचेवरही चालते, कोरड्या टेफ्लॉनवर मात्र घसरते, हेही त्यांनी ऐकवलं. काकू तव्यावरून नजर न काढता म्हणाल्या, "मग भिंतींना तेच लावून घ्या."

अमेरिकेतल्या नातवानं लेपर्ड गेको पाळलाय. काचेची पेटी, खाली गरम चटई, खायला विकतचे रातकिडे. व्हिडिओ कॉलवर अण्णांनी तो नीट पाहिला. "हा पापण्या मिटतो, आणि भिंतीवर चढत नाही? आमच्या पालींना पापण्याच नाहीत, जिभेनं डोळे पुसतात! पाल म्हणून याला आमच्या वाड्यात कुणी खोली देणार नाही."

अण्णांचं खरं दुखणं मात्र साताऱ्याचं आहे. २००८ साली वरद गिरी आणि अ‍ॅरन बाऊअर यांनी चाळकेवाडीच्या पठारावरच्या पालीला शास्त्रीय नावच साताऱ्याचं दिलं. तेव्हापासून अण्णा रोज रात्री बॅटरी घेऊन तसबिरींच्या मागे डोकावतात.

परवा त्यांनी जाहीर केलं, "नाशिकच्या नावाची पाल याच भिंतीवर सापडणार!"

वरून आवाज आला, चुक्‌ चुक्‌.

"ऐकलंस? साक्ष दिली तिनं!"

"साक्ष कसली," काकू झाडू उचलत म्हणाल्या, "तिलाही शंका आली."